एका ओळीत उरलेला सिनेमा

एक प्रयोग करून बघा. शनिवार-रविवारचा कुठलाही मराठी पेपर घ्या आणि त्यात सिनेमा शोधा. नव्या सिनेमाचं परीक्षण लगेच सापडेल. मोठा फोटो, चारशे-पाचशे शब्द, खाली कलाकारांची यादी आणि साडेतीन स्टार. आता ‘आज शहरात’ किंवा ‘आजचे कार्यक्रम’ नावाचं जे बारीक टायपातलं सदर असतं, तिथे या. रक्तदान शिबिर, ज्येष्ठ नागरिक संघाचं व्याख्यान, कीर्तन, आणि त्यांच्या मधोमध एक ओळ : चित्रपट, सायंकाळी ६.३० वाजता, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, विधी महाविद्यालय रस्ता. सिनेमाचं नाव कधी असतं, कधी तेही नसतं. दिग्दर्शकाचं तर नसतंच.

ही ओळ टाइप करणाऱ्यांपैकी मी एक. पेपरात इंटर्न म्हणून गेलं की आधी हेच काम हातात पडतं. एकदा त्या ओळीत ‘मेघे ढाका तारा’ होता. १९६० सालचा ऋत्विक घटकचा सिनेमा. ज्या घटकने साठच्या दशकात आपल्याच पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं आणि ज्याच्या वर्गात मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम बसले, त्याचा सिनेमा शहरात पडद्यावर एकदाच लागणार होता. त्याला मिळालेली जागा योगासन वर्गाएवढी. त्याच पानाच्या वर एका हिंदी सिनेमाचं अर्धं पान परीक्षण. तो सिनेमा पुण्यात किती पडद्यांवर होता ते मोजायला मी ॲप उघडलं आणि कंटाळून बंद केलं.

हा लेख त्या अर्ध्या पानाबद्दल आणि त्या एका ओळीबद्दल आहे. म्हणजेच आपल्या शहरातल्या समीक्षकाबद्दल. तो नक्की कुणासाठी लिहितो, आणि काय लिहायचं राहून जातं?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. जुने किंवा निवडक सिनेमे एखाद्या थिएटरने ठरवून पुन्हा पडद्यावर दाखवणं, याला बाहेर ‘रेपर्टरी स्क्रीनिंग’ म्हणतात. आपल्याकडे रेपर्टरी म्हटलं की एनएसडी आणि नाटकच आठवतं. पुण्यात त्यासाठी साधं वाक्य आहे, ‘आज अर्काइव्हला सिनेमा आहे.’ मुंबईत कुणी ‘प्रभातचा शो’ म्हणेल, म्हणजे प्रभात चित्र मंडळाचा. बाकी शहरांत ‘फिल्म क्लब’ म्हटलं की कळतं. मीही इथे तेच शब्द वापरते.

आता शुक्रवारचं गणित. मोठ्या सिनेमाचा प्रेस शो साधारण आदल्या दिवशी असतो, कधी शुक्रवारी सकाळीच. मराठी सिनेमाचा बहुतेक वेळा प्रीमियर असतो. म्हणजे गुच्छ, फोटोसाठीची ती लोगोवाली भिंत, नट-नट्यांचे नातेवाईक, आणि समीक्षकाच्या दोन रांगा मागे दिग्दर्शक. मध्यंतरात समोसा घेताना तो विचारतो, ‘कसा वाटतोय?’ मी एका सीनियरबरोबर अशा एका शोला गेले होते. सिनेमापेक्षा तो मध्यंतर जास्त तणावाचा होता. हिंदी सिनेमाच्या समीक्षकाला ही अडचण फारशी नाही. शाहरुख खान त्याला कोथरूडच्या भाजी मंडईत भेटणार नसतो. मराठी सिनेमाचा दिग्दर्शक मात्र भेटतो. त्याचा संकलक आपल्या वर्गमित्राचा भाऊ निघतो. नाटकाच्या तालमीत, दिवाळी अंकाच्या प्रकाशनात, कट्ट्यावर सगळे तेच चेहरे.

त्यातून एक भाषा तयार झाली आहे. ‘कथेची भट्टी जमून आली आहे.’ ‘उत्तरार्धात सिनेमा किंचित रेंगाळतो.’ ‘छायांकन नेत्रसुखद.’ ‘पार्श्वसंगीत कथेला पूरक.’ ‘सर्वच कलाकारांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिला आहे.’ ही वाक्यं कुठल्याही सिनेमाला लावा, बसतात. ‘किंचित रेंगाळतो’चा खरा अर्थ ‘मी घड्याळ बघत होतो’ असा असतो, हे नेहमी वाचणाऱ्याला कळतंही. पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला कसं कळावं? आणि मग स्टार. आठवड्यामागून आठवडे परीक्षणं वाचत गेलं की वाटायला लागतं, मराठी सिनेमा अडीच स्टारच्या खाली उतरतच नाही. अर्धा स्टार सिनेमासाठी आणि अर्धा ‘आपला आहे’ म्हणून.

यामागे वाईट हेतू असतोच असं नाही. मराठी सिनेमाला थिएटर मिळवताना काय दिव्य करावं लागतं हे समीक्षकाला माहीत असतं. सकाळी सव्वानऊचा शो, नाहीतर रात्री पावणेअकराचा. पहिल्या शनिवार-रविवारी गल्ला जमला नाही तर पुढच्या आठवड्यात तेही जातात. हा प्रश्न इतका जुना आहे की एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं होतं. त्यावर गदारोळ झाला आणि ती वेळ सैल होऊन दुपारी १२ ते रात्री ९ अशी झाली. अशा परिस्थितीत दीड स्टार लिहायला हात धजावत नाही, हे मला समजतं.

पण याची किंमत कोण देतं ते बघा. त्याच एप्रिल २०१५ मध्ये चैतन्य ताम्हणेचा ‘कोर्ट’ लागला. स्टार नाहीत, गाण्यावर नाच नाही, कॅमेरा लांब उभा राहून शांतपणे बघत बसतो आणि सत्र न्यायालयातला कंटाळासुद्धा सिनेमाचा भाग होतो. अशा सिनेमाला ‘नेत्रसुखद’ आणि ‘न्याय दिला आहे’ची गरज नसते. त्याला गरज असते ती ‘हा सिनेमा संथ का आहे, आणि तसाच का बघायचा’ हे चार वाक्यांत सांगणाऱ्या माणसाची. ‘कोर्ट’ला निदान राष्ट्रीय पुरस्काराचा मथळा होता. ज्याला तो नसतो आणि ज्याच्या शेजारी बसलेल्या सुमार सिनेमालाही तेच तीन स्टार मिळालेले असतात, त्याचं काय? सगळ्यांना सारखीच शाबासकी दिली की चांगला सिनेमा गर्दीत हरवतो. आपण रिक्षाचे, तिकिटाचे, पॉपकॉर्नचे पैसे घालून एकदा फसतो, दोनदा फसतो, आणि तिसऱ्यांदा म्हणतो, ओटीटीवर येईल तेव्हा बघू. मराठी सिनेमाला तो अर्धा स्टार असा महागात पडतो.

दुसऱ्या टोकाला थिएटरबाहेरचा माइक आहे. इंटरव्हलमध्येच ‘पब्लिक रिव्ह्यू’. दक्षिणेत तर हे प्रकरण कोर्टात गेलं. केरळ उच्च न्यायालयासमोर २०२३ मध्ये ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’चा विषय आला. २०२४ मध्ये ‘कंगुवा’नंतर तामिळ निर्मात्यांनी थिएटरच्या आवारात यूट्यूबवाल्यांना बंदी घाला म्हणून आवाज उठवला, आणि पहिले तीन दिवस परीक्षणंच नकोत ही मागणी मद्रास उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. माझं मत विचाराल तर कोर्ट बरोबर आहे. वाईट परीक्षणावरचा उपाय बंदी नाही, चांगलं परीक्षण हा आहे.

बरं, एवढी सगळी मारामारी त्या पहिल्या तीन दिवसांसाठी. सोमवारी ते परीक्षण भेळेच्या कागदाचं होतं. आणि नव्या सिनेमाबद्दल लिहिणारे देशभरात शेकड्याने आहेत. हिंदी, इंग्रजी, रील, पॉडकास्ट, काय हवं ते. आपल्या शहरातल्या समीक्षकाने त्यात अजून एक भर घातली नाही तरी तुमचं काही अडत नाही.

अडतं ते त्या एका ओळीपाशी.

शनिवारी संध्याकाळी लॉ कॉलेज रोडवर कोणता सिनेमा आहे, तो का बघावा, हे मुंबईचा किंवा दिल्लीचा समीक्षक सांगणार नाही. त्याचा संबंधच नाही. ते फक्त गावातला माणूस सांगू शकतो. आणि ते नंतर सांगून उपयोग नाही. नवा सिनेमा रविवारी वाचून मंगळवारी बघता येतो, अर्काइव्हचा सिनेमा एकदाच लागतो. म्हणजे हे परीक्षण आधी लिहायला हवं, गुरुवारी. सिनेमा आधी कधीतरी बघितलेला हवा, निदान त्याच्याबद्दल नीट वाचलेलं हवं. तासाभरात पाडता येत नाही. पेपरांमधून ते गेलं त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. त्याला ना जाहिरात असते, ना प्रीमियर, ना समोसा.

पुण्याच्या बाबतीत तर हे जास्तच खटकतं. इथे १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून आली. तिच्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झालं. १९६४ मध्ये अर्काइव्ह आलं. पी. के. नायर नावाच्या माणसाने पुढची जवळपास तीन दशकं सिनेमांचे डबे गोळा करण्यात घालवली. दादासाहेब फाळक्यांच्या सिनेमांचे उरलेसुरले तुकडे त्यांनी फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळवले. थिएटरच्या अंधारात बारीक टॉर्च लावून, वहीत कुठल्या रिळात काय आहे ते लिहीत बसणारे नायर शिवेंद्रसिंह डुंगरपूरच्या ‘सेल्युलॉइड मॅन’ या २०१२ च्या माहितीपटात भेटतात. नक्की बघा. कुणाला सिनेमा ‘आवडतो’ म्हणजे काय, याची व्याख्या बदलते.

आणि नायर फक्त साठवून थांबले नाहीत, दाखवत राहिले. फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादूर यांच्याबरोबर त्यांनी फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स उभा केला. शिक्षक, बँकेत काम करणारे, पत्रकार, गृहिणी, कुणीही येऊन महिनाभर सकाळ-संध्याकाळ सिनेमे बघायचे आणि त्यांवर बोलायचं. मराठीत सिनेमावर गंभीरपणे लिहिणारे जे लोक झाले, त्यांच्यातले बरेच जण या ना त्या मार्गाने या अंधाऱ्या खोलीतून गेलेले दिसतात. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं, त्यांचं ‘वास्तव रूपवाणी’ निघायला लागलं. पुण्यात आशय फिल्म क्लबने वर्षानुवर्षं सिनेमे दाखवले. अशोक राणे, गणेश मतकरी यांनी मराठी वाचकाला जगातला सिनेमा मराठीत सांगितला. विजय पाडळकरांनी तर नांदेडमध्ये राहून जागतिक सिनेमावर पुस्तकं लिहिली. नांदेडमध्ये! आपण पुण्यात, बसने वीस मिनिटांवर अर्काइव्ह असताना, ‘काही चांगलं लागतच नाही’ म्हणतो.

जुन्या सिनेमावर लिहिणं म्हणजे काय, याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण मला अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ वाटतं. गुरुदत्त गेला १९६४ मध्ये, पुस्तक आलं दोन दशकांनी. ‘प्यासा’, ‘कागज के फूल’, ‘साहिब बीबी और गुलाम’ हे तीन सिनेमे घेऊन खोपकर शॉट कसा लावलाय, प्रकाश कुठून येतोय, कॅमेरा कधी पुढे सरकतो, गाण्यात पडदे आणि सावल्या काय करतात, हे बघत बसतात. गुरुदत्तच्या खासगी आयुष्यातली गॉसिप जवळपास नाहीच. या पुस्तकाला सिनेमावरच्या सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे शांता गोखल्यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. आता लक्षात घ्या, ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये सपशेल आपटला होता. शुक्रवारच्या हिशेबात तो सिनेमा संपला होता. तो पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांनी जिवंत ठेवला. ऑगस्ट २०२५ मध्ये, गुरुदत्तच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, त्याचे सिनेमे रिस्टोअर होऊन परत थिएटरला लागले.

पहिल्या शुक्रवारचा निकाल चुकतो, हे समीक्षकांनाही माहीत असतं. १९६७ मध्ये ‘न्यूजवीक’चे समीक्षक जो मॉर्गनस्टर्न यांनी ‘बॉनी अँड क्लाइड’ची धुलाई केली, मग तो परत बघितला आणि पुढच्याच आठवड्यात आपलं आधीचं मत मागे घेणारं दुसरं परीक्षण लिहिलं. आपल्याकडे ‘शोले’ १९७५ मध्ये आला तेव्हा ‘इंडिया टुडे’च्या परीक्षणाने तो विझलेला निखारा ठरवला होता. त्यावर हसणं सोपं आहे. मला त्यातलं मजेशीर हे वाटतं की त्या समीक्षकाला ‘शोले’ सत्तरी-ऐंशीतल्या प्रेक्षकाने पन्नासदा बघितल्यावरचा नव्हे, तर पहिल्यांदा, थंड डोक्याने बघायला मिळाला होता. आज कुणालाच तो तसा बघता येत नाही.

मराठीतलं उदाहरण हवं तर ‘एक होता विदूषक’. १९९२, जब्बार पटेल दिग्दर्शक, पु. ल. देशपांडे लेखक, आणि मुख्य भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. लोक ‘लक्ष्या’ला बघून हसायला गेले आणि तो रडवायला लागला. चालला नाही. आज लक्ष्मीकांतबद्दल बोलताना सगळे हाच सिनेमा काढतात. तो पडद्यावर पुन्हा लागला तर त्यावर नवं, ताजं परीक्षण हवं की नको? १९९२ मध्ये जन्मलेलेसुद्धा नव्हते अशा लोकांनी लिहिलेलं?

आता कुणी म्हणेल, जुने सिनेमे तर धडाधड परत लागतायत. लागतायत ना. ‘तुंबाड’ २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आला, तेव्हा थिएटरमध्ये बघितलेल्यांपेक्षा नंतर मोबाइलवर बघितलेले जास्त असावेत. सप्टेंबर २०२४ मध्ये तो परत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. ‘लैला मजनू’, ‘सनम तेरी कसम’, ‘अंदाज अपना अपना’, रांगच लागली. आपल्या वर्गातलेच किती जण गेले होते ‘तुंबाड’ला. पण त्या वेळच्या बातम्या आठवा. पहिल्या दिवशी किती कोटी, दुसऱ्या दिवशी किती कोटी. राही अनिल बर्वेच्या त्या पावसाचा, ओल्या भिंतींचा, त्या वाड्याचा मोठ्या पडद्यावर काय परिणाम होतो, नारायण धारपांच्या कथेची सावली त्यात कुठे दिसते, मराठी माणसाने, मराठी मातीतली गोष्ट हिंदीत का सांगितली असेल, यावर सहा वर्षांनी नव्याने लिहिण्याची केवढी मोठी संधी होती. मोजकेच लिहिते झाले. बाकीच्यांनी आकडे लिहिले.

जुन्या सिनेमाच्या परीक्षणात अजून एक गोष्ट येते, जी नव्याच्या परीक्षणात कधीच नसते : आपण नक्की काय बघणार आहोत? ३५ एमएमची प्रिंट आहे का? असेल तर तिला ओरखडे किती, रंग उडून गुलाबी पडलीय का? की डीसीपी, म्हणजे डिजिटल फाइल? की कुणीतरी सरळ डीव्हीडी लावणार आहे? सबटायटल आहेत? कापाकापी झालेली आवृत्ती आहे की पूर्ण? हे पुस्तकी प्रश्न नाहीत. ‘शोले’चंच घ्या. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि पोलीस येतात तो शेवट आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितला. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्यामध्ये रिस्टोअर केलेला ‘शोले’ दाखवला गेला, तो मूळ शेवटासह. म्हणजे ‘मी शोले बघितलाय’ या वाक्यालाच आता पुढचा प्रश्न आहे, कुठला?

किंवा ‘मंथन’. १९७६ चा श्याम बेनेगलांचा सिनेमा, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून निर्माण केलेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो रिस्टोअर केला, मे २०२४ मध्ये कानला दाखवला आणि जूनमध्ये देशातल्या थिएटरांमध्ये दोन दिवस लावला. दोन दिवस! ज्याच्या गावात कुणी आधी सांगितलं तो गेला, बाकीच्यांनी सोमवारी स्टोरी बघितली.

आणि सगळं कायम राहणार आहे असंही नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, प्रभातच्या जुन्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि नायट्रेटवरच्या कितीतरी जुन्या फिल्म जळून गेल्या. नायट्रेट पेटलं की विझवता येत नाही. ज्या प्रिंट गेल्या, त्यांच्याबद्दल त्या त्या काळात कुणी नीट लिहून ठेवलं असेल तर तेवढंच आता हातात आहे. जुन्या ‘रसरंग’च्या अंकातलं एखादं परीक्षण त्या सिनेमाचा शेवटचा साक्षीदार असू शकतं. अर्काइव्हच्या ग्रंथालयात जुनी सिनेमासिकं, गाण्यांच्या पुस्तिका, पोस्टर असं बरंच काही आहे. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर एकदा तिकडे जा, आणि कॉलेजचं पत्र बरोबर न्या.

मग हे पेपरात बसवायचं कसं? जागा नाही, हे खरंच आहे. रोज डेस्कवर दोन ओळींसाठी मारामारी होते ती मी बघते. पण याचं उत्तर लांब लेख नाहीच. अमेरिकेतल्या शिकागोमध्ये १९७१ मध्ये ‘शिकागो रीडर’ नावाचं फुकट वाटलं जाणारं साप्ताहिक सुरू झालं. त्यांच्याकडे एक पद्धत होती : शहरात त्या आठवड्यात जे जे पडद्यावर आहे, नवं असो वा जुनं, मल्टिप्लेक्समध्ये असो वा विद्यापीठाच्या हॉलमध्ये, त्या प्रत्येकावर एक छोटं टिपण. एका परिच्छेदाचं. डेव्ह केर, जोनाथन रोझेनबॉम असे समीक्षक ते लिहायचे, आणि ब्रेसॉच्या सिनेमाला आणि त्या आठवड्याच्या मारधाडीच्या सिनेमाला एकाच यादीत, अक्षरांच्या क्रमाने जागा मिळायची. वाचणाऱ्यासाठी जुना सिनेमा वेगळ्या कप्प्यात नव्हता. शनिवारी काय बघू या एकाच प्रश्नाची ती सगळी उत्तरं होती.

शंभर शब्द. म्हणजे आपल्या कार्यक्रमांच्या सदरातल्या सहा-सात नोंदींची जागा. योगासन वर्ग, कृपया राग मानू नये.

हे लिहिणार कोण, तर मला वाटतं आपणच. आपल्या वयाचे लोक सिनेमावर भरपूर लिहितात, पण लेटरबॉक्सडवर, इंग्रजीत, एका टाळीबाज ओळीत. ते मजेचं आहे, माझंही अकाउंट आहे. पण तिथे लिहिलेलं वाचून सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवर राहणारा, लातूरहून आलेला मुलगा शनिवारी अर्काइव्हला जाईल का? बहुतेक वेळा तिथे तिकीट नसतं किंवा नावापुरतं असतं, जो आधी येईल त्याला जागा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातही परवडणारी शहरातली ही एकमेव डेट असेल. त्याला हे त्याच्या भाषेत, त्याच्या हातात येणाऱ्या पेपरात कळायला हवं. माझ्या वर्गातला एक मित्र दोन वर्षं याच रस्त्याने कॉलेजला येत होता आणि त्याला ती इमारत सरकारी ऑफिस वाटायची. आहेच म्हणा ती सरकारी.

मराठीत लिहायला बसलं की शब्द अडतात, हे मान्य. ‘मीज-ऑन-सीन’ला काय म्हणू? माझं ऐकाल तर काहीच म्हणू नका. ‘आई कायम दारात उभी असते, घरात कधीच दिसत नाही’ असं लिहा. जे दिसलं ते सांगितलं की पारिभाषिक शब्द बऱ्याचदा लागतच नाही. आणि ‘न्याय दिला आहे’ हे तीन शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यावर काट मारून ठेवा.

एक नमुना खाली देते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ कधी पुण्यात पडद्यावर लागला, तर त्या एका ओळीच्या जागी मी डेस्कला हे देईन. बरोबर शंभरात बसवता आलं नाही, कापायला सीनियर आहेतच.

संत तुकाराम (१९३६). दिग्दर्शक : विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल. मराठी, कृष्णधवल, सव्वादोन तासांच्या आत. भक्तिपट म्हणून टाळत असाल तर जिजाईसाठी जा. गौरी या अभिनेत्रीने साकारलेली ही बायको संत नाही, तिला उद्याच्या भाकरीची काळजी आहे. पोर आजारी पडतं तेव्हा ती पायातली वहाण काढून थेट विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम शांत आहे, त्यामुळे तिचा राग जास्त खरा वाटतो. यातलं शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं एक पद इतकं जमलं की पुष्कळांनी ते तुकोबांचंच मानलं. कुठलं ते ओळखा. चमत्कारांच्या दृश्यांत तेव्हाची ट्रिक फोटोग्राफी बघा, पुष्पक विमान येतं तेव्हा हसू येईल, येऊ द्या. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच आवारातल्या स्टुडिओतली ही निर्मिती, म्हणजे बघून बाहेर पडलात की ती जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. प्रिंटमध्ये मध्ये मध्ये ओरखडे असतील. पुढच्या रांगा टाळा, मान दुखते.